देश तसा वेश. पण वेश कोणी बदलायचा?

मुंबईपासून जवळच असलेल्या तळोजा येथील औद्योगिक वसाहतीत १९९४ साली केलॉग या अमेरिकन कंपनीने आपला कारखाना सुरू केला. आर्थिक उदारीकरणाला त्या वेळी तीन वर्षे झाली होती. परदेशी मालाविषयी मध्यमवर्गात कुतूहल होते आणि तो विकत घेण्याइतका पैसाही काही घरांतून येऊ लागला होता. नव्वद कोटींहून अधिक लोकांच्या या देशात प्रत्येक जण सकाळी काही ना काही खातो. त्यांतील थोड्यांनी जरी कॉर्नफ्लेक्स खायचे ठरवले तरी कारखाना अपुरा पडेल, असा हिशेब मांडणे अवघड नव्हते. कागदावर त्या हिशेबात चूक काढण्यासारखे काही नव्हते. चूक निघाली ती स्वयंपाकघरात. कंपनीचे कॉर्नफ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहतील अशा बेताने तयार केलेले होते आणि भारतीय गृहिणी त्यांवर गरम दूध ओतत होती. गरम दुधात पडताच त्यांचा लगदा होई. पहिले पाकीट लोकांनी कुतूहलाने घेतले. दुसरे घेण्याचे कारण अनेकांना दिसले नाही.

दूध तापवणे ही भारतीय गृहिणीची लहर नव्हे. गवळ्याकडून आलेले दूध तापवल्यावाचून प्यायचे नाही, हा उष्ण हवेच्या देशाने अनुभवातून घेतलेला धडा आहे. चहा, साय, विरजण या सर्वांची सुरुवात त्या तापलेल्या पातेल्यापासून होते. त्यातच सकाळचे खाणे गरम आणि तिखटमिठाचे असावे, ही आवड कांदेपोह्यांपासून इडलीपर्यंत आणि थालीपिठापासून पराठ्यापर्यंत बहुतेक प्रांतांत सारखीच आहे. तेव्हा थंड दुधातले गोडसर खाणे सुचवणे म्हणजे एका पदार्थाऐवजी दुसरा पदार्थ सुचवणे नव्हते. सकाळची सगळी रीतच बदला, असे सांगण्यासारखे ते होते. तेवढे बळ जाहिरातीत नसते. कंपनीने पुढे चवी बदलल्या, लहान पाकिटे काढली, मुलांसाठी चॉकलेटचा प्रकार आणला आणि कालांतराने येथे आपले बस्तान बसवले. २०२१ च्या सुमारास तर तिने उपम्याची पाकिटे बाजारात आणली. ज्या न्याहारीची जागा घेण्यासाठी ती आली होती, तीच न्याहारी विकण्याची पाळी तिच्यावर आली.

हा प्रसंग गमतीचा वाटला, तरी त्यामागे एक गंभीर प्रश्न आहे. माल जकातनाका ओलांडतो, भांडवल समुद्र ओलांडते. माणसांच्या सवयी मात्र सहजासहजी जागा सोडत नाहीत. दोन देशांच्या रीती व्यापाराच्या निमित्ताने समोरासमोर आल्या म्हणजे कोणाला तरी बदलावे लागते. ‘देश तसा वेश’ ही आपली म्हण सांगते की, परक्या मुलखात जाणाऱ्याने बदलावे. आंतरराष्ट्रीय व्यापारात नेहमीच तसे घडत नाही. कोण कोणासाठी बदलतो हे पाहू लागल्यास, त्याचा निर्णय संस्कृतीइतकाच सामर्थ्यावर अवलंबून असतो, असे दिसून येते.

दोन मते

या विषयावर गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात ढोबळमानाने दोन मते आढळतात. पहिल्या मताचे ठळक प्रतिनिधी म्हणजे हार्वर्ड येथील विपणनशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट. १९८३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये त्यांनी बाजारपेठांच्या जागतिकीकरणावर एक लेख लिहिला. विमान, दूरध्वनी, दूरचित्रवाणी यांमुळे जगभरच्या माणसांच्या इच्छा एकसारख्या होत चालल्या आहेत. तेव्हा देशोदेशींच्या आवडीनिवडींचे लाड पुरवीत बसण्यापेक्षा एकच चांगली वस्तू स्वस्तात सर्वत्र विकावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. शीतपेये, गाड्या आणि पुढे संगणक व भ्रमणध्वनी यांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे ठरले.

दुसरे मत त्याहून जुने आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९५९ साली ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. परदेशी जाणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांना शिकवण्याचे काम त्यांनी केले होते. भाषा शिकूनही ही माणसे परक्या देशात अडखळतात. कारण शब्दांखेरीज वेळ, अंतर, मौन आणि मैत्री यांचीही एक मूक भाषा असते व ती कोणी शिकवीत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. काही समाजांत सांगायचे ते सारे शब्दांत सांगितले जाते; काही समाजांत बरेचसे प्रसंगावरून, नात्यावरून, स्वरावरून ओळखायचे असते, हे त्यांनी पुढे मांडलेले सूत्र प्रसिद्धच आहे.

मराठी माणसाला या सूत्राचा अर्थ ‘बघू’ या एका शब्दावरून कळावा. वर्गणी मागायला आलेल्याला कोणी ‘बघू’ म्हटले, तर तो पुन्हा त्या दारी जात नाही. हाच शब्द भाषांतरित होऊन एखाद्या जर्मन अभियंत्याच्या कानी पडला, तर तो आठवड्याने ‘काय पाहिलेत?’ असे विचारील. जपानी व्यापारी ‘मुझुकाशी’, म्हणजे ‘अवघड आहे’, असे म्हणतो तेव्हाही त्याला बहुधा नकारच द्यायचा असतो. अमेरिकन माणूस मात्र अडचण कोणती आणि ती कशी सोडवावी, याची चर्चा सुरू करतो. यांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. तरीही दोन्ही बाजूंचा विश्वास उडतो.

या दुसऱ्या मताला आकड्यांचा आधार दिला तो गेर्ट हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञाने. आयबीएम कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात सुमारे १ लाख १६ हजार प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या होत्या. त्यांच्या आधारे हॉफस्टेड यांनी १९८० साली आपला ग्रंथ सिद्ध केला. वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक कितपत गृहीत धरतात, माणूस स्वतःला आधी व्यक्ती समजतो की समूहाचा घटक, अनिश्चिततेची त्याला किती धास्ती वाटते, अशा काही कसोट्यांवर त्यांनी देशांना गुण दिले. वरिष्ठ-कनिष्ठ अंतराच्या कसोटीवर भारताला ७७, अमेरिकेला ४० आणि जर्मनीला ३५ गुण मिळाले. व्यक्तिवादाच्या कसोटीवर अमेरिकेला ९१, भारताला ४८ आणि दक्षिण कोरियाला १८ मिळाले. अनिश्चिततेच्या धास्तीत जपानचा आकडा ९२, तर भारताचा ४०. येथील कचेरीत साहेब आत येताच खुर्च्या का सरकतात आणि जपानी कारखान्यात प्रत्येक कामाचा लेखी क्रम का ठरलेला असतो, याचा काहीसा उलगडा या आकड्यांवरून होतो.

आकड्यांच्या मर्यादा

तथापि, हे आकडे हाती घेताना सावध राहणे भाग आहे. एकाच कंपनीच्या नोकरवर्गावरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरवणे कितपत योग्य, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. भारताला एकच आकडा देणे तर अधिकच शंकास्पद. कोल्हापूरचा गूळव्यापारी, कोलकात्याचा प्राध्यापक आणि कोइमतूरचा गिरणीमालक यांची सरासरी काढली, तर येणारा माणूस यांपैकी कोणासारखाच असणार नाही. आपले आकडे समाजांच्या तुलनेसाठी आहेत, एकेका व्यक्तीला लावण्यासाठी नव्हेत, असा इशारा हॉफस्टेड यांनीही दिला होता. व्यवस्थापनाच्या वर्गांतून तो इशारा विसरला जातो आणि ‘भारतीय माणूस असा’, ‘जपानी माणूस तसा’ अशी चिठ्ठी चिकटवून काम उरकले जाते.

अशा चिठ्ठ्यांच्या जोडीला दंतकथाही येतात. जनरल मोटर्स कंपनीची ‘नोव्हा’ ही गाडी स्पॅनिश भाषिक देशांत खपली नाही, कारण त्या भाषेत ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, ही कथा कित्येक पुस्तकांत छापली गेली आहे. वस्तुस्थिती अशी की, मेक्सिको आणि व्हेनेझुएला येथे ती गाडी चांगली खपली. स्पॅनिश बोलणाऱ्याला ते दोन वेगळे शब्द आणि हे एक नाव यांतील फरक कळत होता. परक्या ग्राहकाला आपण समजतो त्यापेक्षा अधिक अक्कल असते, हाच या दंतकथेचा खरा धडा आहे.

ग्राहकापुढे नमणारी कंपनी

ग्राहकाच्या हाती पैसा असतो. तो घ्यायचा तर कंपनीला नमावेच लागते. मॅक्डोनल्ड्सचे भारतातील पहिले उपाहारगृह १३ ऑक्टोबर १९९६ रोजी दिल्लीत वसंत विहार भागात उघडले. ज्या कंपनीचा जगभरचा पसारा गोमांसाच्या पदार्थावर उभा होता, तिने येथे गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही वर्ज्य केले. शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाच्या जागा, भांडी आणि काम करणारी माणसेही वेगळी ठेवली. अंड्यावाचून मेयोनीज तयार करवून घेतले. बटाट्याची टिक्की पावात घातली आणि ती चांगली खपली. वडापाव खाणाऱ्या मुंबईला पावातला बटाटा ही काही नवलाई नव्हती. नवलाई होती ती एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीने तो आपल्या यादीत घेतल्याची.

परंतु येथेही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील याच कंपनीच्या तळलेल्या बटाट्यांत गोमांसापासून केलेला स्वाद वापरला जातो, ही गोष्ट २००१ साली तेथील न्यायालयीन दाव्यामुळे जगजाहीर झाली. वनस्पती तेलात तळलेले म्हणून तेथील कित्येक हिंदू आणि शाकाहारी लोक ते वर्षानुवर्षे निःशंकपणे खात होते. भारतात असा स्वाद वापरला जात नाही, असा खुलासा कंपनीने केला. तरी मुंबईलगत ठाण्यातही संतप्त निदर्शने झाली. पुढे २००२ साली कंपनीने अमेरिकेत माफी मागितली आणि हिंदू, शाकाहारी व अन्य संस्थांना १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. श्रद्धा तीच, कंपनीही तीच. भारतात ती श्रद्धा पाळणारे बहुसंख्य ग्राहक होते, म्हणून स्वयंपाकघराची रचना आधीच बदलली गेली. अमेरिकेत ते थोडे होते, म्हणून त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

जर्मनीतले हसू

ग्राहकापुढे नमणारी कंपनी नोकरापुढे नमेलच असे नाही. वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने १९९७ च्या अखेरीस जर्मनीत पाऊल टाकले. आधी एका साखळीची २१ दुकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या साखळीची ७४ दुकाने तिने विकत घेतली. पैसा अमाप होता आणि अमेरिकेतील यशाची पद्धत तयार होती. ती पद्धत जशीच्या तशी जर्मनीत नेण्यात आली. पहिल्या प्रमुखाला जर्मन भाषा येत नव्हती. वरिष्ठांच्या कारभाराची भाषा इंग्रजी ठरली. नोकरांनी सकाळी एकत्र जमून कंपनीचा जयघोष करावा, ग्राहकाकडे पाहून हसावे, त्याच्या पिशव्या भरून द्याव्यात, असे दंडक आले. जर्मन ग्राहकाला आपल्या भाज्या-फळांना परक्याने हात लावलेला रुचेना. अनोळखी नोकराचे हसू काहींना कृत्रिम वाटले, तर काहींना सलगीचे.

हसणे हा नोकरीचा भाग झाला की त्याचे काय होते, याचा अभ्यास अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशिल्ड यांनी विमानातील परिचारिकांच्या कामावरून केला आहे. १९८३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याला भावनांचे श्रम म्हटले. जर्मन कामगाराने या श्रमांस विरोध केला आणि त्याच्या पाठीशी कायदा होता. नोकरांनी आपसांत प्रेमसंबंध ठेवू नयेत अशा आशयाचे कलम कंपनीने आपल्या आचारसंहितेत घातले, तेव्हा कामगार-प्रतिनिधींच्या मंडळाने न्यायालयात धाव घेतली. २००५ साली आधी वुपरटाल येथील आणि नंतर ड्युसेलडोर्फ येथील कामगार न्यायालयाने हे कलम माणसाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवले.

वॉलमार्टच्या अपयशाला केवळ हसू कारणीभूत झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आल्डीसारखी स्वस्त दुकाने तेथे आधीपासून घट्ट पाय रोवून होती आणि खरेदीच्या किमतीपेक्षा कमी भावात माल विकण्यास तेथील स्पर्धाविषयक कायद्याने बंदी केली होती. पण २००६ साली आपली ८५ दुकाने मेट्रो या जर्मन कंपनीला विकून सुमारे १०० कोटी डॉलरच्या तोट्यानिशी वॉलमार्ट परतली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली होती. जर्मन कामगाराची रीत टिकली ती काही त्याची संस्कृती श्रेष्ठ होती म्हणून नव्हे. तिचे रक्षण करणारी संघटना, कायदा आणि न्यायालय त्याच्यापाशी होते म्हणून ती टिकली.

एक गणवेश, एक भोजनगृह

परक्यांची रीत नेहमी अपमानाचीच असते, असाही याचा अर्थ नव्हे. मारुती उद्योग आणि जपानची सुझुकी कंपनी यांच्यात १९८२ साली करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. त्या मोटारीबरोबर गुडगावच्या कारखान्यात काही जपानी प्रथाही आल्या. व्यवस्थापकीय संचालकापासून कामगारापर्यंत सर्वांना एकच गणवेश, सर्वांना एकच भोजनगृह, अधिकाऱ्यांना बंद खोल्यांऐवजी मोकळी कचेरी, कामाला सुरुवात करण्यापूर्वी व्यायाम. भारतीय अधिकाऱ्यांपैकी अनेकांना हे जड गेले. शिपायाने दाराशी उभे राहायचे, डबा वेगळ्या खोलीत उघडायचा, पदाप्रमाणे खुर्चीची पाठ उंच होत जायची, या वातावरणात वाढलेल्या माणसाला कामगाराच्या रांगेत ताट घेऊन उभे राहणे म्हणजे पदावनती वाटली असल्यास नवल नाही. पण प्रथा टिकली. ज्या देशात कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे यावर शतकानुशतके भांडणे झाली, तेथे जेवणाच्या एका साध्या रांगेने जे साधले ते लहान नव्हते. आपली म्हणून प्रत्येक रीत जपण्यासारखी असतेच असे नाही, हे या उदाहरणावरून मान्य करावे लागते.

या गोष्टीला पुढचा भागही आहे. २०११ साली याच कंपनीच्या मानेसर येथील कारखान्यात दीर्घ संप झाले आणि १८ जुलै २०१२ रोजी तेथे उसळलेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. ते कृत्य निंद्यच होते आणि पुढे न्यायालयाने त्याबद्दल शिक्षाही दिल्या. परंतु त्या असंतोषामागे संघटनेच्या मान्यतेचा आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न होता. एकाच रांगेत, एकाच पद्धतीचे काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी कामगारांच्या वेतनात मोठी तफावत होती. गणवेश एक असला तरी पगारपत्रक एक नव्हते. समतेची प्रथा आयात केली, पण तिच्यामागील नोकरीची शाश्वती आली नाही, तर कामगाराला त्या प्रथेचे ओझेच तेवढे जाणवते.

नाव बदललेली माणसे

संस्कृतिभेदाची सर्वांत जबर किंमत ज्यांनी मोजली, त्यांची गोष्ट व्यवस्थापनाच्या पुस्तकांत फारशी येत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांना सेवा देणारी कॉल सेंटर्स दिल्ली, बंगळूर, मुंबई, पुणे येथे निघू लागली. पदवी हाती असलेल्या हजारो तरुण-तरुणींना त्यांत काम मिळाले. सरकारी कचेरीतील कारकुनाला जो पगार मिळायला वर्षे लागत, तो त्यांना आरंभीच मिळू लागला. ही गोष्ट क्षुल्लक नव्हती. तिने कित्येक घरांची कर्जे फिटली, कित्येक मुली प्रथमच रात्रीच्या कामासाठी घराबाहेर पडल्या आणि स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

पण त्या पगाराच्या मोबदल्यात काय द्यावे लागले? अमेरिकेतला दिवस म्हणजे येथील रात्र. म्हणून झोप दिली. आपला उच्चार दिला, कारण ‘उच्चार निर्दोष करण्याच्या’ वर्गात तो दोष ठरवला गेला होता. अनेक ठिकाणी नावही दिले. संध्याकाळी घरातून सुनीता म्हणून निघालेली मुलगी रात्रभर सुझान होऊन बोलत असे. पलीकडच्या गावची हवा, तेथील खेळ, तेथील सण यांची माहिती पाठ करून घेतली जाई. पलीकडचा माणूस शिवीगाळ करू लागला तरी स्वर चढता कामा नये, असा दंडक असे.

येथे आधीची उदाहरणे आठवून पाहावीत. भारतीय माणूस ग्राहक म्हणून समोर आला, तेव्हा अमेरिकन कंपनीने आपला मुख्य पदार्थ सोडून दिला. तोच भारतीय नोकर म्हणून समोर आला, तेव्हा त्याला स्वतःचे नाव सोडावे लागले. संस्कृती तीच, अंतरही तेच. बदलली ती गरज. गरजवंताला अक्कल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. गरजवंताला अक्कल असते; तिचा उपयोग करण्याची मुभा त्याला नसते, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. पुढे बऱ्याच ठिकाणी खऱ्या नावाने बोलण्याची मोकळीक मिळाली, कामाचे स्वरूपही बदलले. पण प्रश्न मिटला नाही. बोलणाऱ्याचा भारतीय उच्चार त्याच क्षणी बदलून ऐकणाऱ्याच्या कानी पोहोचवणारी संगणकीय यंत्रणा वापरात आल्याचे २०२५ साली जाहीर झाले. आता उच्चार शिकण्याचे कष्टही वाचले. बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या परोक्ष बदलला जातो, इतकेच.

मालक भारतीय असेल तेव्हा

भारतीय उद्योग परदेशी मालकाच्या जागी आले, तेव्हा ते कसे वागले, हेही या संदर्भात पाहिले पाहिजे. पिंपरीच्या कारखान्यामुळे महाराष्ट्राला जवळच्या असलेल्या टाटा मोटर्सने २००४ साली दक्षिण कोरियातील गुन्सान येथील देवू कंपनीचा मालमोटारींचा कारखाना सुमारे १० कोटी २० लाख डॉलरना विकत घेतला. भारतासारख्या देशातील कंपनी आपली मालक होणार, ही कल्पना कोरियन कामगाराला सुखावणारी असण्याचा संभव नव्हता. टाटांनी जुने नाव पुसले नाही. ‘टाटा देवू’ असे जोडनाव ठेवले. कोरियन लोकांशी कोरियन भाषेत बोलण्याची तयारी ठेवली, कामगार संघटनेला विश्वासात घेतले आणि कारभार बव्हंशी तेथील माणसांच्याच हाती ठेवला. २००८ साली जग्वार आणि लँड रोव्हर या ब्रिटिश गाड्यांचा उद्योग २३० कोटी डॉलरना घेतला, तेव्हाही ती नावे तशीच ठेवण्यात आली. यात औदार्य असेल. पण शहाणपणही होते. त्या नावांना आणि त्या कारागिरांच्या हाताला बाजारात किंमत होती. जे जपल्याने मालकाचा फायदा होतो, ते जपणे सोपे असते.

कसोटी लागते ती जेथे फायदा दिसत नाही तेथे. एखाद्या भारतीय कंपनीने आफ्रिकेत मळा घेतला किंवा येथल्याच एखाद्या आदिवासी तालुक्यात कारखाना काढला, तर तेथील माणसाचे नाव, भाषा, सण, कामाची लय यांना ती किती मान देते? आपल्यावर झालेला अन्याय आपण विसरत नाही. आपण करीत असलेला मात्र आपल्या लक्षात येत नाही. मुंबईतल्या कचेरीने विदर्भातल्या नोकराच्या बोलीला हसावे आणि मग परदेशी कंपनी आपल्या उच्चाराला हसते म्हणून खेद करावा, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही.

शाळेपुढचा प्रश्न

हा विषय केवळ कंपन्यांच्या संचालकांचा नाही. पुण्याजवळ चाकणला २००९ साली फोक्सवागनचा कारखाना उभा राहिला. मर्सिडीज-बेंझ कंपनी पुणे परिसरात त्याआधीच आलेली होती. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना कोरियाच्या ह्युंदाई कंपनीने घेतला. जर्मन, जपानी, कोरियन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना या कारखान्यांमुळे भाषेतून पोट भरण्याची वाट दिसू लागली आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण परकी भाषा म्हणजे व्याकरण आणि शब्दसंग्रह एवढेच शिकवले, तर हॉल यांनी सांगितलेली मूक भाषा शिकवायची राहूनच जाते. जर्मन वरिष्ठाने सभेत ‘हे चूक आहे’ असे स्पष्ट सांगितले, तर तो अपमान नसतो. मराठी कनिष्ठ गप्प राहिला, तर ती संमती नसते. या दोन साध्या गोष्टी दोघांनाही कोणी आधी सांगितल्या, तर कितीतरी कटुता वाचेल.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्या वर्गांतून घडायला हवी. वरिष्ठांपुढे ‘नाही’ म्हणता न येणे, शंका मनातच ठेवणे, साहेबाला रुचेल तेच सांगणे, याला परदेशी पुस्तके ‘भारतीय संस्कृती’ म्हणतात. तो आपला प्रकृतिधर्म नव्हे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘खाली बस’ म्हणणाऱ्या शाळेत आणि टिपण बदलून आणायला सांगणाऱ्या कचेरीत ती सवय तयार होते. जे सवयीने आले ते शिकवणीने जाऊही शकते. उलट पाहुण्याला चहा दिल्यावाचून कामाचे बोलायचे नाही, सहकाऱ्याच्या घरचे दुःख विचारल्यावाचून त्याला फाईल मागायची नाही, या रीतीही आपल्याच आहेत. त्यांना वेळेचा अपव्यय समजून टाकून देण्याचे कारण नाही. व्यापार विश्वासावर चालतो आणि विश्वास असाच जमतो, हे अरब, चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही.

कोणती रीत बदलायची आणि कोणती ठेवायची, याचा निर्णय ज्याचा त्याने, डोळे उघडे ठेवून केला पाहिजे. तो करण्याची मोकळीक मात्र आपोआप मिळत नाही. ग्राहकाला ती त्याच्या पैशाने मिळते, कामगाराला संघटनेने आणि कायद्याने मिळते, सुशिक्षित तरुणाला त्याच्या कौशल्याने मिळते. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याची संस्कृती कितीही प्राचीन असली तरी पहिल्याच पगाराच्या दिवशी ती त्याला दाराबाहेर ठेवावी लागते. तळोज्याच्या कारखान्याला गरम दुधाची दखल घ्यावी लागली, कारण पाकीट विकत न घेण्याचा अधिकार गृहिणीच्या हाती होता. तसाच नकाराचा अधिकार रात्रपाळीच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या मुलीच्या हाती जेव्हा येईल, तेव्हाच दोन देशांचा हा व्यवहार बरोबरीचा झाला असे म्हणता येईल.